माझ्या नावातल्या बारीक रेघा

तिच्यावर मी जळायचे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. हेवा, मत्सर असले पुस्तकी शब्द राहू द्या. आमच्याकडं ह्याला जळणं म्हणतात, आणि मी चांगली धगधगून जळायचे.

आम्ही दोघी एकाच गावच्या, बीडजवळच्या नेकनूरच्या अलीकडचं गाव. शाळेत एका बाकावर. तिचे पप्पा सहकारी साखर कारखान्याचे संचालक आणि माझे आण्णा त्याच कारखान्याच्या गोदामात सिझनल कामगार. साखरेच्या पोत्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा, की पोत्यावर कारखान्याचं नाव उमटतं. ते काम आण्णांचं. ते साचेसुद्धा आण्णाच कापायचे. सीझनभर त्यांची बोटं निळी असायची. तिचे पप्पा आणि माझे आण्णा, हाकेपासूनच फरक होता बघा. पण त्याचं मला विशेष काही वाटायचं नाही. बंगला असतो एकेकाचा, गाडी असते. मी जळायचे ते तिच्या हातावर.

तिच्या हातात रेघ होती. दुसरं काय म्हणू? नागपंचमी आली, कुणाचं लग्न निघालं, की गावातल्या पोरी तिच्या ओट्यावर हात पसरून बसायच्या आणि ती मेंदीचा कोन धरायची. बारीक, सलग, कुठं जाड नाही, कुठं थरथर नाही. बोलता बोलता, हसता हसता काढायची. मधेच पप्पांना ओरडून उत्तर द्यायची, तरी रेघ हलायची नाही. मीही कोन घेऊन बसायचे घरी. माझी मेंदी म्हणजे सारवण. माय म्हणायची, "आगं, मेंदी काढाय लागलीस का हाताला चिखल लावाय लागलीस?" मग मी तिच्याच ओट्यावर जाऊन तिच्यापुढंच हात पसरायचे. त्यासारखी दुसरी जळजळ नाही.

दहावी-बारावी झाली. ती औरंगाबादला कॉलेजला गेली. मी बीडला टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर, आणि तिथल्याच एका छापखान्यात कंपोझिंगला लागले. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. छापखान्याचे मालक सगळ्यांचे काका. शिशाचे खिळे जुळवून छपाई करायच्या जमान्यातला माणूस, तोंडानं फटकळ, आणि कॉम्प्युटरला "तुझं ते टीव्हीचं खोकं" म्हणणारा. कामाला तोटा नव्हता. लग्नपत्रिका तर होत्याच, पण खरा आधार सहकाराचा. सोसायटी असो, पतसंस्था असो, दूध संघ असो, सगळ्यांना वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि सभेची नोटीस छापावी लागते. सभेला कुणी येवो न येवो, नोटीस पाहिजे. ते सगळं मी एकाच साध्या, गोल, सगळीकडून सारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये बडवायचे. त्या अक्षराकडं कुणी बघायचं नाही, वाचायचे आणि खिशात टाकायचे.

मग एक दिवस काकांनी औरंगाबादहून नव्या फॉन्टची सीडी आणली. एकेक फॉन्ट उघडून बघत होते. बरेचसे आपले असेच, नाचरे, वेलबुट्टीचे. त्यात एक उघडला आणि मी खुर्चीत सावरून बसले.

कसं सांगू? अक्षरातल्या उभ्या दांड्या चांगल्या जाड, भरीव, काळ्याकुट्ट. आणि वरची शिरोरेघ, आडवे जोड, गोलाईचं टोक, हे सगळं एकदम बारीक. दोऱ्याएवढं. 'क'ची गोलाई दांडीपाशी बारीक निघायची, फुगत फुगत पोटाशी जाड व्हायची आणि परत बारीक होत दांडीला येऊन टेकायची. जाड शेजारी बारीक असलं की जाड आणखी जाड दिसतं आणि बारीक आणखी नाजूक. अक्षर कसलं, नटून उभी राहिलेली बाई. मी 'श' काढला, 'ळ' काढला, 'ज्ञ' काढला. काका चहा पिऊन आले तरी मी तेच बघत होते. फॉन्टचं नाव इंग्रजीत काहीतरी आकड्याबिकड्याचं होतं. मी त्याला जाडबारीक म्हणू लागले आणि मग छापखान्यात तेच नाव पडलं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ती बारीक रेघ मी आधी कुठंतरी पाहिली होती.

त्या साली पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या सालीही नव्हता म्हणा, पण त्या साली विहिरी तळाला गेल्या आणि उसाचं नावच संपलं. ऊस नाही म्हणून कारखान्याचा सीझन नाही, सीझन नाही म्हणून आण्णा घरी. छापखान्यात पत्रिका कमी झाल्या आणि टँकरच्या नोटिसा, जनावरांच्या छावणीचे फलक, असलं काम वाढलं. आता मला तर जाडबारीकचं वेड लागलेलं. सोसायटीनं टँकरची नोटीस छापायला दिली, कोणत्या आळीला कोणत्या वारी पाणी. मी सगळीच्या सगळी जाडबारीकमध्ये लावली. काका म्हणाले, "कर, कर. तुझी हौस भागू दे."

नोटीस आमच्याच गावात पारावर चिकटवली. मी बसमधून उतरले तर समोर माणसं डोळे बारीक करून उभी. जवळ जावं तर वाचता येईना, लांबून तर नाहीच. कागद हलका, छपाई स्वस्तातली, अक्षर लहान. बारीक रेघा उमटल्याच नव्हत्या. नुसत्या दांड्या दिसत होत्या, ज्वारी कापून नेल्यावर धसकटं उरतात तशा. मेंढरं राखणारे एक म्हातारे आजोबा माझ्याकडं बघून म्हणाले, "बाय, ह्ये अक्षर लग्नाचं हाय. टँकरला कावून लावलं?"

सगळे हसले. मी पार शरमून गेले, पण आजोबांचं खोटं नव्हतं. ते अक्षर लग्नाचंच होतं. त्याला गुळगुळीत कागद पाहिजे, मोठा आकार पाहिजे, आजूबाजूला मोकळी जागा पाहिजे आणि शब्द थोडे पाहिजेत. एखादं नाव. बस. गर्दीत ते मरतं, घाईत मरतं. दुसऱ्या दिवशी मी नोटीस साध्या फॉन्टमध्ये परत लावली.

आणि मग ती आली. औरंगाबादचं कॉलेज संपवून, लग्न ठरवून, पत्रिका छापायला. हातात मलई रंगाच्या जाड कागदाचे नमुने, सोबत पप्पांचा ड्रायव्हर. मला बघून गळ्यात पडली. "तू हायेस म्हणून तर इथं आले, न्हाईतर पप्पा पुण्याहून छापणार होते. हे बघ, माझं नाव असं लाव, की उघडल्यावर माणूस थांबला पाहिजे."

आता साधा फॉन्ट लावून तिला वाटेला लावता आलं असतं. पण नाही ना! हात शिवशिवत होते. मी तिचं नाव जाडबारीकमध्ये टाइप केलं आणि मोठं केलं.

तिच्या नावात 'क्ष' आहे. पुढं वेलांटी आहे. तुम्हाला काय सांगू, ते अक्षर जणू तिच्या नावासाठीच कुणी बसून काढलं होतं. 'क्ष'ची गाठ, त्यातून निघणारी बारीक शेपटी, वर वेलांटीची कमान. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "अय्या!" म्हणाली. काका उठून आले आणि चष्मा वर करून म्हणाले, "वा." काकांच्या तोंडून 'वा' मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला कळलं, ही बारीक रेघ मी तिच्या ओट्यावर पाहिली होती. मेंदीतली तिचीच रेघ होती ती.

ती गेल्यावर मी माझं नाव टाइप केलं. तिच्याच जागी, तिच्याच आकारात, तिच्याच फॉन्टमध्ये.

माझं नाव म्हणजे सगळं सरळ. काने, दांड्या, एक बिचारं टिंब. गाठ नाही, वळण नाही. जाडबारीकमध्ये ते गोठ्यातले खुंटे ठोकल्यासारखं दिसलं. आकार वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, अक्षरांतली जागा वाढवली. खुंटे लांब लांब गेले, एवढंच. इतके दिवस मी जे अक्षर माझं म्हणून मिरवलं, ज्याच्यापायी पारावर हसं करून घेतलं, ते पण तिचंच निघालं. मी स्क्रीन बंद केली आणि खाली काकांच्या घरात जाऊन विनाकारण काकूंनी दिलेल्या पापडावर राग काढला.

पण हट्ट गेला नाही. उलट वाढला. माझं नाव, एकदा तरी, त्या अक्षरात, मोठं, एकटं, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून. खुंटे तर खुंटे. एवढं एकच पाहिजे होतं मला. बाकी नवरा कसा मिळतो, सासर कसं मिळतं, त्याची इतकी काळजी केली नाही मी.

आणि माझंही लग्न ठरलं. मुलगा चांगला, अंबाजोगाईकडं शाळेत नोकरीला. दुष्काळात वेगळं लग्न कोण करणार? कारखान्यानं सामुदायिक विवाह ठेवला होता. सभासदांची, कामगारांची पोरं-पोरी, सगळे एका मांडवात. आमच्या बौद्ध जोडप्यांचा विधी आधी, भंतेजी येणार, बाकीच्यांची मंगलाष्टकं नंतर. आण्णांना ते बरोबरच वाटलं आणि बरोबरच होतं. मांडव एक, पाणी एक टँकर, जेवण एकदाच.

त्या विवाहाची पत्रिका माझ्याकडंच आली लावायला. एक मोठा कागद. वर कारखान्याचं नाव, चेअरमन, व्हाइस चेअरमन, संचालक मंडळ. तिचे पप्पा त्यात ठळक. खाली जोडप्यांच्या रांगा. मी माझंच नाव रांगेत शोधून टाइप केलं, पतसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी लावतात तसं. संचालकांची नावं माझ्या नावाच्या दुप्पट. एकदा वाटलं, सगळ्याच नवऱ्या जाडबारीकमध्ये घालाव्यात. घालून पाहिलं. पण टँकरच्या नोटिशीची गत आठवली. निमूटपणे साधा फॉन्ट लावला आणि पत्रिका छापायला दिली.

घरी आले आणि माझी नजर आमच्या भिंतीवर गेली.

आमच्याकडं लग्नघराच्या दारालगतच्या भिंतीवर ज्याचं लग्न त्याचं, नवऱ्याचं नाहीतर नवरीचं नाव काढतात. चुना देऊन भिंत पांढरी करायची आणि मोठ्या अक्षरात नाव. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ते नाव तसंच राहतं. पोरगी सासरी जाऊन तिला पोरं होतात तरी माहेरच्या भिंतीवर तिचं नाव असतं. रस्त्यानं जाणारा-येणारा वाचतो. मोठी जागा, एक नाव, भोवती पांढरं मोकळं. आणखी काय पाहिजे होतं मला?

"आण्णा," मी म्हणाले, "मला भिंतीवर नाव पाहिजे. पण पेंटरच्या अक्षरात न्हाई. मी आणते ते अक्षर."

माय तवा सोडून बाहेर आली. "प्यायला पाणी न्हाई आन भिंतीला पाजायचं व्हय?"

आण्णा हसले. त्यांच्या हातालाही कित्येक महिन्यांत काम नव्हतं. "आसू दे गं," म्हणाले. "भांडी धुतलेलं पाणी हाय की. चुन्याला काय, त्याला चव थोडीच घ्यायचीय?"

मग मी छापखान्यातून माझ्या नावाचं एकेक अक्षर मोठं छापून आणलं, रद्दी कागदांच्या पाठीवर. आण्णांनी ते कागद तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर चिकटवले आणि पोत्याचा साचा कापतात तसा साचा कापला. आयुष्यभर केलेलं काम, मी बघायची गरजच नव्हती. मी छापखान्यातलं उरलेलं काम उरकायला बीडला गेले. संध्याकाळी आले तर भिंत पांढरीशुभ्र, चुना वाळलेला, आणि आण्णा नीळ आणि डिंकाचा घट्ट लगदा कापडाच्या बोळ्यानं साच्यावरून थापत होते. शेवटचं अक्षर चाललेलं. पत्रा काढला आणि मागं सरले.

आई गं! भिंतीवर माझं नाव नव्हतं. भिंतीवर पोतं होतं.

आण्णांचा काही दोष नाही. पोत्याचा साचा असाच असतो. अक्षराचा मधला तुकडा गळून पडू नये म्हणून मधे मधे पत्र्याची पट्टी ठेवावी लागते, आणि बारीक फट ठेवली तर शाई आत जात नाही, म्हणून बारीक रेघ कापतच नाहीत. आण्णांनी सवयीनं जाड तेवढं कापलं आणि बारीक तेवढं सोडून दिलं. शिरोरेघ नाही, जोड नाहीत. निळे जाड दांडके, सुटे सुटे उभे.

माय बघत राहिली आणि म्हणाली, "आता खाली वजन लिवा, शंभर किलो."

मला हसू यायला पाहिजे होतं. मी रडले. मुळूमुळू नाही, चांगली भोकाड पसरून. उद्या लग्न आणि आज हे. आण्णा पत्रा हातात धरून तसेच उभे. "पेंटरला बोलवतो," म्हणाले, पण पेंटर तर छावणीचे फलक रंगवत फिरत होता, आणि त्याच्या त्या रसगुल्ल्यासारख्या अक्षरात मला नाव नकोच होतं.

आणि नेमकी तेव्हाच ती आली.

तिचं लग्न नुकतंच झालेलं, बीडला मोठ्या कार्यालयात, माहेरपणाला आली होती. हातात हिरवा चुडा, पिशवीत मेंदीचे कोन. मला मेंदी काढायला आली होती. सांगितलं नव्हतं मी, आपल्या आपण. दारात थांबून भिंतीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "येडे, हे काय पोतं करून ठेवलंस?"

"तूच राहिली होतीस बोलायची," मी म्हणाले.

तिनं पुढं येऊन दांडक्यांवरून हवेतच बोट फिरवलं. "हे माझ्या पत्रिकेतलं अक्षर ना? ह्यात बारीक रेघा असतात. त्या कुठायत?"

"साच्यात बसल्या न्हाईत," आण्णा म्हणाले.

"मग हातानं काढू की." इतक्या सहज म्हणाली, जसं काही चहा टाकू का म्हणावं. "आण्णा, ऑइलपेंट हाय का?"

होता. कारखान्यात उसाच्या टायरवाल्या बैलगाड्यांवर नंबर टाकतात, त्यातला उरलेला काळा ऑइलपेंट आण्णांच्या डब्यात होता. तिनं पिशवीतला एक कोन रिकामा केला, त्यात पेंट भरला, टोक कातरलं, पदर खोचला आणि स्टूलवर चढली. मी डबा धरून खाली उभी. आणि तिनं शिरोरेघ ओढली. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, माझ्या सगळ्या नावावरून, एका दमात. खडबडीत भिंत, वाऱ्यानं उडणारी माती, हातात चुडा किणकिणतोय, आणि रेघ सरळ. दोऱ्यासारखी. मग खाली एकेक जोड. प्रत्येक दांडक्याला दोन्हीकडून धरून आणलं तिनं. शेवटी डोक्यावरच्या टिंबाला एवढीशी शेपटी काढली, जी फॉन्टमध्ये नव्हतीच. आणि माझं नाव उभं राहिलं. खुंटे गेले. खरंच सांगते, स्क्रीनवर कधी दिसलं नाही इतकं चांगलं दिसलं. मायनं तोंडावर हात ठेवला.

मी "थँक्यू" म्हणाले. पोटात मात्र सगळं पेटलेलं. जन्मात एकदा स्वतःसाठी काही मागितलं, ते मिळालं, आणि मिळालं ते हिच्या हातून! नको होतं असं नाही. पण हिनंच का काढावं? आणि एवढं चांगलं का काढावं? एखादी रेघ तरी वाकडी जायची. मी मनात देवाला नाही, पण भिंतीला विनवत होते, एक तरी फुगवटा येऊ दे गं बाई, हिची रेघ एकदा तरी मोडू दे.

ती खाली उतरली आणि हात पुसत तिथंच ओट्यावर बसली. भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं बरंय."

"काय बरंय?"

"मला पण पाहिजे व्हतं भिंतीवर. पप्पा म्हणाले, बंगल्याला आत्ताच डिस्टेंपर दिलाय, नाव-बिव काही न्हाई, गावंढळ दिसतं. माझं नाव पाकिटात गेलं बघ. लोकांनी वाचलं आन टाकलं. तुझं इथं राहणार. रस्त्यानं जाणारा हरेक माणूस वाचणार." आणि नाकपुड्या फुगवून, अगदी शाळेतल्यासारखं, "लई जळतेय मी तुझ्यावर."

कसं सांगू मला किती गार वाटलं! तापलेल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडावं तसं चर्र झालं आणि मग थंड. तिची समजूत काढावी, जवळ घ्यावं, असं काही माझ्या मनात आलं नाही. मी हात पुढं केले आणि म्हणाले, "काढ आता मेंदी. भरगच्च काढ."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मांडवाकडं निघायच्या आधी सगळे भिंतीपुढं थांबले. मावशी, आत्या, नवऱ्याकडची माणसं. मी दारात नटून उभी, कान टवकारून. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच. "रेघ कुणाची हो ही? लई बारीक हाय." "शिरोरेघ बघा, कुठं हलली न्हाई." अक्षर कुणी आणलं, कुणी विचारलं नाही. नाव कुणाचं, ते तर माहीतच होतं. माय अभिमानानं सांगायची, "हिच्या मैत्रिणीनं काढली, संचालकाच्या पोरीनं." माझं लग्न, माझी भिंत, माझं नाव, आणि कौतुक कुणाचं?

पुढं संसार झाला. नवरा चांगला निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. छापखाना सुटला. ती पुण्याला गेली, फोनवर बोलतो आम्ही, सणावाराला भेटतो. मी माहेरी गेले की आधी भिंत बघायचे. आण्णांनी भांड्यांच्या पाण्यात कालवलेला चुना आणि डिंकातली नीळ, ते किती दिवस टिकणार? पाऊसपाण्याची सालं आली तसे जाड दांडके पोपडे धरायला लागले. एकेका वर्षी एकेक निळा तुकडा गळायचा. आण्णा गेले त्या वर्षी मधली दांडी पूर्ण गेली होती. मी कुणाला काही बोलले नाही. नाव कुठं कायम राहतं? पण बघायची सवय मोडली नाही.

माझा थोरला भाऊ, त्याचं लग्न माझ्या आधीच झालेलं, तेव्हा बाहेरगावी कामाला होता. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं लग्न ठरलं. घरात पुढचं लग्न निघालं म्हणजे भिंतीवरचं जुनं नाव जायचं, हा रिवाजच आहे. भावानं फोन केला, "आगं, भिंतीला चुना देतो. तिला काही नाव लिहायचं न्हाई, फोटोचा फ्लेक्स लावायचाय म्हणती. तुझं नाव जाईल बरं का." मी म्हणाले, "जाऊ दे की." आणि लगेच पहिल्या गाडीनं गेले.

भिंतीवर जाड एकही उरलं नव्हतं. सगळी नीळ गळून गेलेली. उरल्या होत्या तिच्या रेघा. कोनातल्या ऑइलपेंटच्या, काळ्या, सलग. वरची शिरोरेघ, खाली हवेत लोंबणारे जोड आणि ती टिंबाची आगाऊ शेपटी. मधे माझं काहीच नाही.

"मार चुना," मी पेंटरला म्हणाले. त्यानं मारला. आता पाण्याला कमी नव्हतं, दाट कालवला होता. वाळला, आणि रेघा परत दिसायला लागल्या. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही, घसरतो. त्यानं परत हात मारला. परत आल्या. मी स्वतः त्याच्या हातातला ब्रश घेऊन घासला, जिथं रेघ तिथं दाबून, दात-ओठ खाऊन. वाळायला सोडलं आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर आले तर होत्याच. पांढऱ्यातून वर आलेल्या, पहिल्यापेक्षाही बारीक.

भाची शेजारी येऊन उभी राहिली. उद्याची नवरी, हातभर मेंदी. मान वाकडी करून बघायला लागली. "आत्या, इथं काय लिहिलं व्हतं गं?"

"माझं नाव."

"कुठाय? मला तर नुसत्या रेघा दिसतात." मग जवळ जाऊन शिरोरेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पण आत्या, रेघा लई भारी हायेत गं. कुणाच्या हातच्या?"

पेंटर ब्रश बुडवून माझ्याकडं बघत होता, आणखी एक हात मारू का म्हणून.

"हाय एक मेली," मी म्हणाले, आणि पेंटरला सांगितलं, "राहू दे आता. चुना वाया जातोय."